हँडबॉलचा मोसम

किनवट

चि. बाळूस,


पोराची शाळेच्या हँडबॉल संघात निवड झाली आणि तू लगेच विचारलंस, "मामा, या खेळाला भविष्य आहे का? लीग असते म्हणे." 2023 च्या जूनमध्ये झाली ती. प्रीमियर हँडबॉल लीग, पुरुषांची, सहा संघांची. पहिल्याच मोसमात महाराष्ट्राच्या नावाचा संघ जिंकला, म्हणून तुझ्यापर्यंत खबर तरी पोचली.

मोसम म्हणायचा, पण 8 जूनला सुरू आणि 25 जूनला संपला. 33 सामने, सगळे जयपूरच्या सवाई मानसिंह इनडोअर स्टेडियममध्ये. त्या साली पावसानं सगळ्यांनाच कसं ताटकळत ठेवलं होतं, आठवतंय ना? सरकीच्या पिशव्या घरात, जमीन तापलेली. रिकामा माणूस मोबाईल नाही बघणार तर काय करणार? पारावर चार डोकी माझ्या फोनवर झुकायची. त्यातल्या एकाच्या घरी तेलुगू बोलतात. आदिलाबाद आपल्या उशाशी, त्यामुळं तो तेलुगू टॅलन्सकडून आणि मी महाराष्ट्र आयर्नमेनकडून. रोजचं भांडण.

"पण सर, ह्यात आपली पोरं कुठं हायेत?" हे त्यानंच विचारलं. आयर्नमेनचे मालक पुण्याचे पुनीत बालन. प्रशिक्षक सुनील गहलावत. मैदानात इगोर चिसेलिओव्ह, इराणचा जलाल कियानी, आणि भारतीय नावं बरीचशी उत्तरेकडची. मला त्याचं काही वाटत नाही. जिथं खेळ मुरलाय तिथलीच माणसं घेणार ना. मला खुपतं ते वेगळंच. संघाला नाव महाराष्ट्राचं, पण त्या मोसमात महाराष्ट्रातल्या एकाही मैदानावर तो उतरला नाही.

हा खेळ फोनवर अर्धासुद्धा दिसत नाही रे. एकदा गोलच्या जाळीमागं उभा राहून बघ. मारणारा सहा मीटरच्या रेषेबाहेरून उडी घेतो आणि आत हवेत तरंगतो. पाय टेकायच्या आत चेंडू हातातून सुटला पाहिजे, आणि शेवटच्या क्षणापर्यंत मनगट कुठं वळणार ते कळू देत नाही. समोर गोलरक्षक, हातात ग्लोव्हज नाहीत. तीन मीटर रुंद, दोन मीटर उंच गोल झाकायला हात-पाय फाकवून तो चेंडूच्या अंगावर जातो. चेंडू मांडीवर बसला की असा आवाज होतो, की वर्गातली पोरं खिडकीशी येतात. हे ज्यानं एकदा जवळून पाहिलं, त्याला लीगची जाहिरात करावी लागत नाही.

अंतिम सामन्यात आयर्नमेननी गोल्डन ईगल्स उत्तर प्रदेशला 38-24 असं धुतलं. साठ मिनिटांत बासष्ट गोल! फुटबॉलवाल्यांना हे सांगितलं तर ते मलाच खुळ्यात काढतात. पण पारावर त्याचं कौतुक कुणाला? त्याच 25 तारखेला मान्सून मुंबईत आणि दिल्लीत एकाच दिवशी पोचला होता. असं 1961 नंतर पहिल्यांदाच घडलं म्हणे. मग काय, 'आपल्याकडं कधी' एवढीच चर्चा. अजिंक्यपदाचा आनंद मी एकट्यानंच केला.

तर तुझ्या प्रश्नाचं उत्तर. लीगच्या भरवशावर पोराला खेळवू नकोस. अठरा दिवसांच्या कमाईवर कुणाचं घर चालत नाही. पण खेळू दे. शालेय स्पर्धा दरवर्षी असतात: जिल्हा, विभाग, मग राज्य. दहावी-बारावीला खेळाचे सवलतीचे गुण आहेत, सरकारी नोकरीत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे, रेल्वेचे आणि सेनादलाचे संघ आहेत. प्रमाणपत्रं मात्र पहिल्या दिवसापासून जपून ठेव; पोरं ती हरवतात आणि मग बाप दारोदार फिरतो.

आणि दुकानदाराच्या नादानं मोठ्यांचा तीन नंबरचा चेंडू घेऊ नकोस. पोरगा तेरा वर्षांचा. त्याला दोन नंबरचा, 54 ते 56 सेंटीमीटर घेराचा लागतो. पंजात नीट मावला नाही तर तो खांद्यानं फेकायला शिकतो, मनगट कामालाच लागत नाही, आणि ही खोड लागली की मोडता मोडत नाही. नखं कापून पाठवत जा.

सूनबाईला आशीर्वाद सांग.

तुझा,
मामा