पाहुण्यांसाठी नवं नाटक

भाऊबीज आटोपली, की बहुतेक महाराष्ट्रात दिवाळी संपते. पाहुणे परततात, चिवड्याच्या डब्याचा तळ दिसू लागतो, मुलं अभ्यासाला लागतात. पूर्व विदर्भातल्या भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या चार जिल्ह्यांत मात्र खरा सण तेव्हा कुठं सुरू होतो.

दाट झाडीचा, तळ्यांचा आणि धानाचा हा मुलूख. झाडी म्हणून झाडीपट्टी. हलकं धान कापून झालेलं असतं, भारी धान अजून बांधीत उभं असतं, आणि वर्षातून पहिल्यांदाच हातात थोडा पैसा खुळखुळत असतो. अशा वेळी गावोगाव ‘मंडई’ भरते. पुण्याच्या माणसाला हा शब्द ऐकून भाजीबाजार आठवेल. इथं मंडई म्हणजे जत्रा. आज या गावची, उद्या शेजारच्या. गोवाऱ्यांची ढाल वाजतगाजत निघते, तळ्यातल्या शिंगाड्यांचे ढीग लागतात, बांगड्यांच्या दुकानांपुढं बायकांची गर्दी हटत नाही. आणि रात्री नाटक. मोठं गाव असेल तर एकाच रात्री दोन-तीन शामियान्यांत दोन-तीन नाटकं, ध्वनिक्षेपकांवरून एकमेकांची गिऱ्हाइकं ओढणारी. प्रत्येक जण ओरडून एकच गोष्ट सांगत असतो : आमचं नाटक नवं कोरं आहे.

हा नवेपणाचा आग्रह का, हे समजून घ्यायचं तर शामियान्याकडे जाण्याआधी घरात डोकवावं लागतं.

मंडईला सगळ्यांत आधी निमंत्रण जातं ते सासरी गेलेल्या लेकीला. भाऊबीजेला जमलं नाही तर एकवेळ चालेल, पण मंडईला ये, असं म्हणणाऱ्या आया या भागात जागोजाग भेटतात. लेक येते, जावई येतो, व्याही येतात, जावयाचा धाकटा भाऊ येतो. त्या धाकट्या भावासाठी कुणाची तरी मुलगी पाहायची असते. ती मुलगीही आपल्या मावशीकडे मंडईलाच आलेली असते. मुद्दाम दाखवण्याचा कार्यक्रम न करता दोन्ही घरच्यांना एकमेकांना नीट न्याहाळता येतं. इथल्या कितीतरी सोयरिकी अशा जमल्या आहेत. वधूवर मेळावे भरवणाऱ्या शहरातल्या मंडळींनी ही सोय एकदा पाहून जावी.

पण एवढी माणसं झोपवायची कुठं? दोन खोल्यांच्या घरात पंधरा-वीस पाहुणे, बाहेर थंडी, आणि रात्री परतीची बस नाही. पूर्वी बैलगाडीनं आलेल्याला तर रात्री जंगलातून परतणं शक्यच नव्हतं. तेव्हा रात्र जागवायची हाच उपाय. नाटक दहाच्या सुमारास सुरू होतं आणि उजाडेपर्यंत चालतं. मुंबईचा समीक्षक या लांबीला नावं ठेवतो. त्याला परत जायला शेवटची लोकल असते.

मंडईचे दिवस सरले की शंकरपट येतात. पट म्हणजे बैलजोड्यांची शर्यत. दिवसा पट आणि रात्री नाटक अशी जोडीच ठरलेली. 2014 साली सर्वोच्च न्यायालयानं बैलांच्या शर्यतींवर बंदी घातली, तेव्हा पटाच्या आधारानं उभी असलेली नाटकंही अडचणीत आली. बैल धावले नाहीत तर पाहुणे येत नाहीत, आणि पाहुणे आले नाहीत तर नाटक कुणासाठी करायचं? डिसेंबर 2021 मध्ये शर्यतींना पुन्हा वाट मिळाली आणि 2023 साली घटनापीठानं राज्याचा कायदा वैध ठरवला. मुक्या जनावरांच्या बाजूनं बोलणाऱ्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. पण एका आदेशानं किती दूरच्या माणसांची रात्रीची भाकरी हलते, हे त्या वर्षांत इथं दिसलं.

या रंगभूमीचं मूळ दंडार आणि खडी गंमत या लोकप्रकारांत आहे. तिथं बाईचं काम पोरंच करत. पुढं संगीत नाटकांचं वेड इथवर पोचलं आणि गावची पोरं दिवसा शेतात राबून रात्री तालमी करू लागली. राजा गावचा, प्रधान गावचा, पडदा ओढणाराही गावचाच. बायकांची कामं करायला तेवढ्या नट्या बाहेरून, बहुधा नागपूरकडून, आणल्या जात. हळूहळू व्यावसायिक मंडळ्या उभ्या राहिल्या आणि त्यांनी वडशाला आपला तळ ठोकला.

वडसा, म्हणजे कागदोपत्री देसाईगंज, हे वैनगंगेकाठचं गाव. गोंदियाहून चांद्याकडे जाणाऱ्या रेल्वेवरचं स्टेशन. गडचिरोली जिल्ह्याला दीर्घकाळ रेल्वे माहीत होती ती एवढीच. हंगामात तिथल्या रस्त्यांवर नाट्यमंडळांच्या फलकांची दाटी होते. गावोगावची मंडळं येतात, फलक वाचतात, आत बसतात, चहा पितात आणि घासाघीस करून आपल्या मंडईच्या तारखेसाठी नाटक ठरवतात. त्यांचे प्रश्न साधे असतात. नायिका कोण? विनोदी नट कोण? गाणी किती? आणि मुख्य म्हणजे, हे नाटक शेजारच्या गावात लागून गेलं तर नाही ना? तिकिटं विकून चार पैसे उरले तर देवळाच्या किंवा शाळेच्या कामी येतात. तोटा आला तर मंडळाची पोरं आपापल्या धानातून तो भरून काढतात. हौस म्हणतात ती ही.

नाटकांच्या नावांत कुंकू, सासर, आई, भाऊ हे शब्द हटकून असतात. कथा छळल्या गेलेल्या सुनेची, दारूनं बुडालेल्या घराची, जमिनीसाठी वैरी झालेल्या भावांची. शेतकऱ्याची आत्महत्याही या रंगमंचावर आली. नवरगावच्या सदानंद बोरकरांसारखे लेखक-दिग्दर्शक या मातीत राहून, इथल्याच प्रेक्षकांसाठी लिहीत आले आहेत. रडवणं भरपूर, हसवणं त्याहून भरपूर, आणि मध्येच गाणं. पुढं वादक बसलेले असतात. गाणी तिथंच गायली जातात आणि आवडलं तर पुन्हा म्हणावी लागतात. संवाद मात्र गमतीचे. झाडीबोलीत ‘ण’ आणि ‘ळ’ यांना जागा नाही. पाण्याचं ‘पानी’ होतं आणि डोळ्याचा ‘डोरा’. डॉ. हरिश्चंद्र बोरकरांनी या बोलीचा आणि इथल्या लोकनाट्याचा मोठा अभ्यास मांडला. तरीही रंगमंचावर नायक-नायिका छापील मराठीत बोलतात आणि झाडीबोली येते ती बहुधा विनोदी पात्राच्या तोंडी. आपलीच बोली आपल्याला हसण्यापुरती उरावी, ही गोष्ट थोडी सलते.

याहून जास्त सलणारी गोष्ट आहे ती नटीची.

हंगामात ती वडशाला भाड्याची खोली घेते. संध्याकाळी गाडी येते, साठ-सत्तर किलोमीटर जंगलातला रस्ता, कनातीआड रंगभूषा, रात्रभर उभं राहून काम, पहाटे पुन्हा गाडी. दुपारी चार तास झोप मिळाली तर मिळाली. उद्या दुसरं गाव, पुष्कळदा दुसरं नाटकही. तालमी मोजक्याच झालेल्या असतात. विंगेतल्या प्रॉम्प्टरचा आवाज आणि आपली स्मरणशक्ती यांच्यावर निभावून न्यायचं. पैसे ‘नाईट’वर. आजारी पडलं तर नाईट गेली. लेकरू लहान असेल तर ते आजीकडे, नाहीतर बरोबरच, साड्यांच्या पेटीला टेकून झोपलेलं.

आणि रंगमंचावर ती करते काय? हुंड्यासाठी छळलेली सून. सतरंजीवर बसलेल्या बाया पदरानं डोळे पुसतात, खाष्ट सासूचं काम करणारीला शिव्या देतात, शेवटी सुनेला न्याय मिळाला की टाळ्या वाजवतात. सकाळी त्याच घरांतून सोयरिकीच्या गोष्टी निघतात. अशा वेळी ‘मुलगी नाटकात काम करते’ एवढं कळलं, की बोलणं तिथंच थांबतं. पुष्कळ नट्यांनी लग्नं केली आहेत, ती आपल्याच क्षेत्रातल्या वादकाशी, नटाशी. बाहेरचं दार सहसा उघडलेलं नाही. जिच्या हातच्या कुंकवासाठी सगळं गाव रडतं, तिला त्या गावात हळदीकुंकवाला कुणी बोलवत नाही. यात नाटक कमी पडतं असं नाही. प्रेक्षक शामियान्यातून बाहेर पडताना ते तिथंच ठेवून जातो.

तरीही ती काम करते. त्याचं एक कारण उघड आहे. धानाच्या हंगामात बाईला शेतात मिळणारी मजुरी आणि एका नाईटचे पैसे यांत मोठं अंतर आहे. या पैशांवर भावांची शिक्षणं झाली आहेत, घरांवर स्लॅब पडले आहेत. दुसरं कारण असं, की पहाटे चारला, थंडीत, तीन पिढ्यांची माणसं घोंगड्या पांघरून आपल्यासाठी जागी आहेत, हे दृश्य शहरातल्या नामवंत नटीलाही सहजासहजी लाभत नाही.

अलीकडच्या काळात या शामियान्यात इतर गोष्टीही शिरल्या. मुंबईचे सिनेनट पाहुणे कलाकार म्हणून येऊ लागले. फलकावर त्यांचा फोटो मोठा आणि रोजचं काम करणाऱ्यांचा टपाल तिकिटाएवढा. चढाओढीत कुठं नाटकाच्या मध्ये सिनेमातल्या गाण्यावर नाच घुसवला जातो आणि कथा तेवढा वेळ बाजूला बसून राहते. काळाबरोबर जायला हवं, असं मंडळवाले सांगतात. पण लेकी-सुना आणि सासऱ्यांनी एका सतरंजीवर बसून पाहायचं म्हणून जे उभं राहिलं, त्यात सुनेनं मान खाली घालावी असं काही आलं, तर पुढच्या वर्षी ती सतरंजीवर नसते. आणि ती नसली तर मुलंही नसतात. हा तोटा तिकिटांच्या हिशेबात लगेच दिसत नाही.

2020 साली कोविडनं हंगामच बुडवला. वडशाचे फलक कोरे राहिले आणि नाईटवर जगणारी माणसं मिळेल त्या मजुरीला गेली. नंतर शामियाने पुन्हा उभे राहिले. 2022 साली तृशांत इंगळे यांचा ‘झॉलीवूड’ हा चित्रपट आला, तेव्हा बाहेरच्या अनेकांनी हे जग पहिल्यांदा पाहिलं. 2023 साली कुरखेडा तालुक्यातल्या गुरनोलीचे परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली. शेती करत करत सुमारे आठशे नाटकं आणि पाच हजार प्रयोग केलेला हा नट. लोकांना हसवणं हा त्यांचा हातखंडा. त्यांच्या सन्मानानं सगळ्या झाडीपट्टीची मान उंचावली हे खरं. पण विंगेतल्या प्रॉम्प्टरला, तबलजीला आणि सासूची कामं करून थकलेल्या बाईला म्हातारपणी काय, हा प्रश्न त्या दिवशीही होता तिथंच होता. सरकारचं वृद्ध कलावंतांसाठी मानधन आहे. त्यासाठी आपण कलावंत होतो हे कागदावर सिद्ध करावं लागतं. पाच-पाच हजार माणसांनी रात्रभर पाहिलं, याची पावती कुणी फाडलेली नसते.

होळीनंतर शामियाने उतरतात. मोहफुलं वेचायची असतात, मे महिन्यात तेंदूपत्ता तोडायचा असतो. जंगलात जाणाऱ्या माणसांत महिन्याभरापूर्वी राजा झालेलाही एखादा असतो. मग पाऊस येतो, रोवणी लागते. चिखलात वाकून रोप लावणाऱ्या बाया मागच्या मंडईतलं गाणं म्हणत असतात. आणि त्याच सुमारास कुणी एक लेखक नव्या नाटकाची वही पिशवीत घालून वडशाचा रस्ता धरतो. दिवाळीनंतर लेक माहेरी येणार आहे, आणि मागच्या वर्षीचं नाटक तिनं पाहिलेलं आहे.