'टू' की 'विथ'?

परवा नातीचा फोन आला. "आजोबा, 'कंपेअर'च्या पुढे 'टू' लावायचं की 'विथ'?" दहावीचं वर्ष आहे तिचं.

वर्गात सांगायचो तेच सांगितलं. दोन वेगळ्या जातीच्या गोष्टींतलं साम्य दाखवायचं असेल तर 'टू'. आयुष्याला प्रवास म्हटलं की 'टू'. शेक्सपियरची सुनीतं १६०९ साली छापली गेली. त्यांतल्या अठराव्यात तो प्रिय व्यक्तीला उन्हाळ्यातल्या दिवसाची उपमा देऊ का, असं विचारतो. तिथेही 'टू'च. पण दोन गोष्टी शेजारी ठेवून साम्य आणि फरक तपासायचे, म्हणजे पुण्याचा पाऊस आणि महाबळेश्वरचा पाऊस, तर 'विथ'. हल्ली, विशेषतः अमेरिकेत, दोन्हीकडे 'टू' चालतं. परीक्षेत मात्र फरक पाळलेला बरा.

फोन ठेवल्यावर वाटलं, आपल्याकडे हा गोंधळच नाही. उपमा एखाद्या गोष्टीची देतात, तुलना एखाद्याशी करतात. शब्दच दोन. 'तुलना'त तुला आहे, म्हणजे तराजू. इंग्रजी शब्द लॅटिनमधून आला, त्याच्या पोटात 'बरोबरीचा' असा अर्थ आहे. बरोबरीचे म्हणून शेजारी बसवायचे. तराजूत मात्र एक पारडं खाली जाणारच.

हा तराजू मी वर्गात फार वापरला. एका हुशार मुलाचा धाकटा भाऊ पुढे माझ्याच वर्गात आला. मुलगा चांगला होता, चित्रं सुरेख काढायचा. पण उत्तर चुकलं की माझं ठरलेलं वाक्य, "तुझा दादा बघ!" त्याचं भलं व्हावं म्हणूनच म्हणायचो, असं तेव्हा वाटायचं.

काही वर्षांपूर्वी एका लग्नात एक पन्नाशीचे गृहस्थ पाया पडले. मी ओळखलं नाही. ते हसून म्हणाले, "सर, मी अमक्याचा धाकटा भाऊ." स्वतःचं नाव त्यांनी सांगितलंच नाही. मला विचारावं लागलं. जेवण गोड लागलं नाही त्या दिवशी.

असो. नातीने फोन ठेवण्याआधी सहामाहीचे इंग्रजीचे मार्क सांगितले होते. "तुझ्या दादाला किती होते गं?" हे अगदी ओठांवर आलं होतं. गिळलं.

"छान," एवढंच म्हणालो.