सबक, सबकी आणि मंजिल

पी.एल. लागली की आमच्या हॉस्टेलवर रात्री दोनलासुद्धा सगळ्या खोल्यांत दिवे असतात. जो तो पुस्तक घेऊन रट्टा मारत असतो. पेपर झाल्यावर तिसऱ्या दिवशी कुणाला विचारा, लाप्लास म्हणजे काय गं? समोरची अशी बघते, जणू लाप्लास नावाची कुणी रूममेट मागच्या सेमिस्टरला हॉस्टेल सोडून गेली! आणि माझ्या भावानं पाठ केलेलं पुस्तक तब्बल ६०० पानांचं आहे, भाषा घरातली नाही, तरी गेली दहा वर्षं ते त्याच्या डोक्यात मुक्कामाला आहे. भाईजान हाफिज आहे. म्हणजे अख्खं कुरआन त्याला तोंडपाठ आहे. मैत्रिणी विचारतात, "हे करतात तरी कसं?" म्हणून हा लेख.

आमचं गाव ओझर. अष्टविनायकातलं नव्हे हं, ते जुन्नर तालुक्यात, आमचं मिगचं. अब्बू एचएएलमध्ये विमानांच्या ओव्हरहॉलला आहेत. एकाच घरातल्या आम्हा दोघांच्या शाळा मात्र दोन टोकांच्या. मी कॉन्व्हेंटमध्ये. भाईजान नवव्या वर्षी नानीकडे मालेगावला, मदरशात. सुट्टीत तो घरी आला की मी त्याच्यासमोर इंग्लिश कविता म्हणून दाखवायची आणि तो नुसता हसायचा. त्याला काही येत नाही, असं मला खुशाल वाटायचं.

आता पद्धत सांगते. कुरआनाचे ३० पारे, ११४ सूरा. आधी बघून नीट वाचता आलं पाहिजे, उच्चारांसकट. मग पाठांतर, तेही बहुतेक ठिकाणी शेवटच्या पाऱ्यापासून, कारण तिथल्या सूरा लहान असतात. प्रत ठरलेली असते. पानावर १५ ओळी, पान आयतीनं सुरू होतं आणि आयतीवरच संपतं. एकदा जी प्रत धरली ती शेवटपर्यंत बदलायची नाही. कारण पोरं नुसते शब्द पाठ करत नाहीत, जागाही पाठ करतात. उजवं पान, वरून चौथी ओळ! भाईजानला दुसऱ्या छपाईची प्रत दिली तर तो अजूनही भांबावतो.

रोजचा अभ्यास तीन भागांचा. पहिला सबक, म्हणजे नवा धडा. अर्धं पान, फार तर एक पान. एक आयत बघून दहा वेळा, मग न बघता, मग दुसरी, मग दोन्ही जोडून. रात्री वाचून ठेवायचं, पहाटे फजरनंतर पक्कं करायचं आणि उस्तादांना ऐकवायचं. दुसरा भाग सबकी, म्हणजे गेल्या काही दिवसांतले धडे, रोज. तिसरा मंजिल, म्हणजे त्याच्याही मागचं सगळं जुनं, पाळीपाळीनं. काही ठिकाणी याला आमुख्ता म्हणतात. गंमत बघा, दिवसातला सगळ्यात कमी मजकूर नव्याचा असतो! रोज एक पान धरलं तर हिशेबानं २० महिन्यांत कुरआन संपायला हवं. प्रत्यक्षात दोन-तीन वर्षं लागतात, ती या मागे वळण्यामुळे.

हाफिज झाल्यावर भाईजाननं शाळा धरली. १७ नंबरचा फॉर्म भरून दहावी केली आणि मेकॅनिकल डिप्लोमाला गेला. खरी परीक्षा तिथून सुरू झाली. जर्नल्स, ड्रॉइंग शीट्स, सकाळची बस. रोजची एक पारा मंजिल अर्ध्यावर आली, मग नुसती शुक्रवारी. रमजानला दोन महिने होते. तरावीहच्या नमाजमध्ये त्याला उभं राहायचं होतं. रात्री वीस रकात, रोज एखादा पारा, समोर पुस्तक नाही. एका रात्री तो अम्मीला ऐकवत होता आणि सातव्या पाऱ्यात अडकला. परत सुरुवात केली, परत तिथेच. गुपचूप उठला, जेवलाही नाही. लहानपणाची तीन वर्षं घर सोडून जे मिळवलं, ते हातातून निसटत होतं. पाठ केलेलं कुरआन सांभाळलं नाही तर बांधलेल्या उंटासारखं सुटून जातं, अशा अर्थाची हदीस आहे. ती मला त्या रात्री कळली.

दुसऱ्या दिवसापासून ऐकायला मी बसले. मी नववीत होते. मला अरबी वाचता येतं, अर्थ कळत नाही. भाईजाननं नियम घालून दिले. तो चुकला की मी फक्त "हं" म्हणायचं, शब्द सांगायचा नाही. तीनपर्यंत मोजायचं. तरी आलं नाही तर एकच शब्द. चूक झाली तिथे पेन्सिलीनं खूण आणि तारीख. पंधरा दिवसांत लक्षात आलं की खुणा ठरावीक जागीच पडताहेत. जिथे दोन आयती जवळजवळ सारख्या आहेत, तिथेच! मूसा पैगंबरांची हकीकत कितीतरी सूरांत येते. एका सूरेतून सुरू केलेली गाडी दुसरीच्या रुळावर कधी जाते ते कळतच नाही. आम्ही अशा जोड्या एका कागदावर शेजारी शेजारी लिहिल्या आणि वेगळा असलेला शब्द गोल केला. जो पारा पक्का होईल तो भाईजान त्याच दिवशी नमाजमध्ये म्हणायचा, कारण तिथे "हं" म्हणायलाही कुणी नसतं.

अब्बूंनी ती खुणांची प्रत पाहिली आणि म्हणाले, "हे तर आमचं लॉगबुकच झालं!" मग त्यांनी समजावलं. सुखोई ठरलेले तास उडालं की ओव्हरहॉलला येतं, ते बिघडलं म्हणून नाही, बिघडू नये म्हणून. नवं विमान बाहेर पडलं की फोटो निघतात, ओव्हरहॉलचे कोण काढतो?

त्या रमजानमध्ये सातव्या पाऱ्याला एकही लुकमा लागला नाही. मागे उभा असलेला दुसरा हाफिज चूक सुधारतो, त्याला लुकमा देणं म्हणतात. तेराव्याला मात्र दोन लागले!

विज्ञानाचंही हेच म्हणणं आहे. हर्मान एबिंगहाउस या जर्मन शास्त्रज्ञानं १८८५ साली स्वतःवरच प्रयोग करून दाखवलं की पाठ केलेलं सुरुवातीलाच सगळ्यात वेगानं विसरतं, आणि उजळणी एका बैठकीत उरकण्यापेक्षा दिवसांवर वाटली तर कमी श्रमांत टिकतं. आपल्याकडे वेदपाठींचा घनपाठ घ्या. शब्द १-२, २-१, १-२-३, ३-२-१, १-२-३ अशा क्रमानं उलटसुलट म्हणायचे. एक शब्द जरी सरकला तरी पकडला जातो. कॉम्प्युटरवाल्यांनो, तुमचं एरर चेकिंग ते हेच!

"पण हाही रट्टाच ना?" असं मी भाईजानला विचारलं होतं. तो म्हणाला, "अर्थ मी नंतर शिकलो, अजून शिकतोय. पण शिकायला आत काहीतरी असावं लागतं." मला हे अर्धंच पटतं. मूल आधी अर्थ शिकलं असतं तर पाठ करणंही सोपं गेलं असतं, आणि हिफ्जबरोबर शाळा चालली असती तर त्याची वर्षं वाचली असती. नंदुरबार जिल्ह्यात अक्कलकुव्याला मौलाना गुलाम मोहम्मद वस्तानवी यांनी १९७९ साली काढलेल्या जामियात आज मदरशाबरोबर फार्मसी आणि इंजिनिअरिंगही आहे. म्हणजे दोन्हींची सांगड बसते.

भाईजान आता सातपूरला कंपनीत शिफ्ट करतो. पारा रोजचा रोज, नाइट शिफ्ट असली तरी. तेव्हा दोस्तहो, या सेमिस्टरला एवढंच करून बघा. नवं थोडं वाचा, कालचं रोज बघा, जुन्याला पाळी लावा आणि पुस्तक रूममेटच्या हातात देऊन तिला ऐकवा. रूममेट तयार नसेल तर मला हाक मारा. अट एकच, मी फक्त "हं" म्हणेन, उत्तर सांगणार नाही!