क्लचवरचा पाय

गेली तीस वर्षे मी गावोगावच्या पारावर बसून पेरणीच्या गोष्टी सांगत आलो. पुरेसा पाऊस झाल्याशिवाय पेरू नका, आणि वापसा आला की एक दिवसही दवडू नका, हे माझे वाक्य घरच्या पोरांनाही पाठ आहे. त्याच माझ्यामुळे एका हंगामात घरची पेरणी लांबली. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

गोष्ट २०११ सालच्या जूनमधली. घरची शेती धाकटा भाऊ पाहतो, मी नोकरीपायी बाहेर. आदल्या वर्षी दोघांनी मिळून एक जुना ट्रॅक्टर घेतला होता. मृगाचा पाऊस भरपूर झाला, वापसा आला, आणि मी दोन दिवसांची रजा काढून गावी गेलो. भाऊ सोयाबीनच्या बियाण्याला जिवाणू खत चोळत बसला होता. मी म्हटले, "तू बियाणं बघ, ट्रॅक्टर मी धरतो."

मी गाडी शिकलो ती उशिरा आणि घाईने. डावा पाय क्लचवर टेकवून ठेवायची खोड तेव्हाच लागली. दाबायचा नाही, नुसता ठेवायचा. त्यात काही वावगे आहे असे कधी वाटलेही नाही. त्या दिवशीही तसाच पाय ठेवून मी दुपारपर्यंत तीन एकर पेरले. वरच्या चढाच्या तुकड्यात गेलो तेव्हा इंजिनाचा आवाज वाढला, पण ट्रॅक्टर काही ओढेना. करपल्यासारखा वास आला. मी आणखी रेस दिली. वास वाढला आणि ट्रॅक्टर जागच्या जागी उभा राहिला.

हंगामात मिस्त्री लवकर मिळत नाही. ते आले दुसऱ्या दिवशी संध्याकाळी. क्लच बदलायचा म्हणजे ट्रॅक्टर मधोमध फोडून दोन भाग वेगळे करावे लागतात. प्लेट बाहेर निघाली ती झिजून आरशासारखी गुळगुळीत झालेली. प्रेशर प्लेटवर तापल्याचे निळे डाग. मिस्त्रींनी विचारले, "कोण चालवत होतं? क्लचवर पाय ठेवून चालवलाय."

मी तोंड उघडायच्या आत भाऊ म्हणाला, "मीच होतो."

आणि मी गप्प बसलो. त्याच रात्री पुन्हा पाऊस लागला. पुढे नऊ दिवस वापसा आला नाही. शेजाऱ्यांची सोयाबीन वर आलेली दिसत होती आणि आमचे पाच एकर तसेच पडून. उशिरा पेरलेल्या त्या पाच एकरांत तण आधी आणि पीक मागून, असे झाले. भाऊ एका शब्दाने काही बोलला नाही. भावजयीने मात्र त्या वर्षी दिवाळीचा खर्च मोजून केला, तो मला दिसला.

पुढे दोन-तीन सुट्या मी मिस्त्रींच्या दुकानात स्टुलावर बसून काढल्या. जे कळले ते असे.

इंजिनाचे फ्लायव्हील सतत फिरत असते. त्याच्या आणि प्रेशर प्लेटच्या मध्ये क्लच प्लेट स्प्रिंगांच्या जोराने दाबून धरलेली असते. दोन्ही हातांत भाकरी दाबून धरावी तशी. ही पकड घट्ट असली की इंजिनाची ताकद गिअरबॉक्सकडे जाते. पेडल दाबले की पकड सुटते. पाय नुसता टेकवला तर पकड ना धड सुटत, ना धड बसत. प्लेट घसरते, तापते, झिजते. पेडलाच्या जोराने जे बेअरिंग पुढे सरकते, तेही विनाकारण घासत राहते. म्हणून क्लचला दोनच गोष्टी ठाऊक असाव्यात: पूर्ण दाबणे, नाहीतर पाय खाली. चढावर गाडी अर्ध्या क्लचवर तोलून धरू नये, त्यासाठी ब्रेक आहे.

दुसरी गोष्ट पेडलाच्या मोकळ्या चालीची. हाताने पेडल दाबून पाहावे. सुरुवातीला थोडे अंतर ते सैल जाते, मग जोर लागतो. बऱ्याच ट्रॅक्टरांत हे सैल अंतर इंचभराच्या आसपास असते, पण आपल्या गाडीच्या पुस्तिकेत दिलेले माप तेच खरे. प्लेट झिजत जाते तशी ही चाल कमी होते. ती संपली की पाय न ठेवताही पाय ठेवल्यासारखेच होते. आमच्या ट्रॅक्टरची चाल आधीच संपली होती, माझ्या पायाने उरलेले काम केले. दांडीची किंवा केबलची नटे फिरवून ती वेळीच जुळवता येते. चाल फार वाढली, तर उलट क्लच पुरता सुटत नाही आणि गिअर टाकताना करकर आवाज येतो. ज्या मोटारींचा क्लच तेलावर चालतो, तिथे डबीतल्या तेलाची पातळी पाहावी.

क्लच घसरतो की नाही हे घरीही कळते. गाडी सपाट, मोकळ्या जागी घ्यावी, पुढे-मागे पोरेबाळे नसावीत. ब्रेक पक्का लावावा, वरचा गिअर टाकावा आणि क्लच हळूहळू सोडावा. इंजिन बंद पडले तर पकड ठीक. चालतच राहिले तर प्लेट घसरते आहे. ही परीक्षा एकदाच घ्यावी, पुन्हा पुन्हा घेतल्याने प्लेट जळते.

गिअरबॉक्सचे तेल सपाट जागी, इंजिन बंद करून, काडीवरच्या दोन खुणांच्या मध्ये आहे का ते पाहावे. तेल दुधासारखे दिसले तर पाणी शिरले आहे, चमकदार कण दिसले तर आतले दाते झिजत आहेत. क्लचच्या घराखाली तेलाचे थेंब दिसले तर सील गेले. ते तेल प्लेटवर आले की नवी प्लेटही घसरते. भाताची चिखलणी करणाऱ्यांनी त्या घराच्या तळाच्या भोकाला बूच लावावे आणि चिखलातून बाहेर आल्यावर आठवणीने काढावे.

आणि एक जिवावरची गोष्ट. भरल्या ट्रॉलीसह उतारावर क्लच दाबून किंवा न्यूट्रल करून कधीही जाऊ नये. डिझेल वाचते म्हणून असे करणारे मी पाहिले आहेत. तसे केले की इंजिनाची अडवण सुटते आणि सारे वजन एकट्या ब्रेकवर येते. उतार लागण्याआधीच खालचा गिअर टाकावा, आणि रस्त्यावर दोन्ही ब्रेकपेडले कडीने जोडलेली असावीत.

आता ट्रॅक्टर पुतण्या चालवतो. रोहिण्या निघायच्या आधी तो पेडलाची चाल मोजतो, तेल पाहतो आणि मला फोन करून सांगतो. मागच्या वर्षी मी भावाला विचारले, "तेव्हा तू का रे माझं नाव झाकलंस?" तो म्हणाला, "दादा, तुला गावोगाव बोलायचं असतं. माझं काय, मला शेतात जायचं होतं."

मिस्त्री मात्र अजूनही त्यालाच बेफिकीर समजतात. हे साप्ताहिक त्यांच्या दुकानात येते, म्हणून इथेच लिहितो: मिस्त्री, त्या दिवशी ट्रॅक्टर मी चालवत होतो.