कोरा अर्ज कोणी भरला?

कागदी अर्जाचा एक गुण मोठा आहे. तो कोरा असला की कोराच असतो. त्यावर अक्षर उमटले तर ते कुणाच्या तरी पेनाने. संगणकाच्या पडद्यावरील अर्जाचे तसे नाही. तो भरणारे हात अनेक, आणि सगळेच अदृश्य!

आमच्या कॉलेजात विद्यार्थ्यांच्या नावनोंदणीसाठी आम्ही काही मित्रांनी 'जँगो'वर एक संकेतस्थळ उभे केले. जँगो हे पायथन भाषेतले फ्रेमवर्क. अमेरिकेतील कॅन्सस राज्यात एका वृत्तपत्राच्या कामासाठी ते घडले आणि २००५ साली सर्वांना खुले झाले. चार दिवस सारे सुरळीत चालले. मग लॅबमधल्या एका यंत्रावर नोंदणीचा अर्ज उघडताच नाव आणि पासवर्ड हे रकाने आधीच भरलेले दिसू लागले. खानापूरहून येणाऱ्या प्रथम वर्षाच्या एका विद्यार्थिनीला वाटले, ऑफिसनेच काहीतरी भरून दिले असेल. तिने बटण दाबले. उत्तर आले, 'या नावाचा सदस्य आधीच आहे.' आपली जागा दुसऱ्या कुणाला गेली, असे समजून ती मुकाट्याने परत गेली. आणि पडद्यावरच्या त्या ठिपक्यांआड पासवर्ड होता तो भलत्याच कुणाचा!

'तुमच्या जँगोचेच हे काम,' असे सर्वांचे मत पडले. परंतु चोर सोडून संन्याशाला फाशी नको, म्हणून आम्ही क्रमाने तपास केला. सर्व्हरवरून अर्ज भरून जाण्याच्या वाटा मोजक्याच: आरंभीची मूल्ये दिलेली असणे, जुनी नोंद जोडलेली असणे, किंवा एकदा पाठवलेली माहिती परत दाखवली जाणे. तिन्ही वाटा पाहिल्या, निर्दोष. पानाचा मूळ मजकूर उघडला, रकाने कोरे. तेच पान ब्राउझरच्या खासगी खिडकीत उघडले, तिथेही कोरे. म्हणजे सर्व्हरने अर्ज कोराच धाडला होता, भरला तो ब्राउझरने. त्या यंत्रावर पूर्वी कुणीतरी 'पासवर्ड जतन करू का?' या प्रश्नाला 'हो' म्हटले होते. नावाच्या रकान्याखाली पासवर्डचा रकाना दिसताच या अतिउत्साही नोकराने नोंदणीच्या पानाला प्रवेशाचे पान मानले.

'ऑटोकम्प्लीट ऑफ' ही सूचना पासवर्डच्या बाबतीत बरेच ब्राउझर जुमानत नाहीत. त्याऐवजी 'न्यू-पासवर्ड' अशी खूण घातली की हा पासवर्ड नवा आहे, जुना इथे नको, हे ब्राउझरला उमगते. जँगोच्या स्वतःच्या नोंदणी-अर्जात ही खूण ३.० या आवृत्तीपासून आहे. पानाच्या तयार साच्यात मात्र ती नव्हती. ती घातली आणि रकाना कोरा झाला. तरी खूण ही विनंती, हुकूम नव्हे. म्हणून लॅबमधल्या सर्व यंत्रांवरचे जतन केलेले पासवर्ड पुसले, जतन करण्याची सोयही बंद केली, आणि त्या विद्यार्थिनीला निरोप धाडला. तिची नोंदणी आता तिच्याच नावाने झाली आहे.

वाचल्याशिवाय कागदावर सही करू नये, असे आपली वडीलधारी मंडळी सांगत आली. पडद्यावरचे बटण हीदेखील सहीच आहे.