सातारचा डोळा, सांगलीचा खुंट

सातारा व सांगली ही दोन्ही कृष्णाकाठची गावे असे आपण सहज बोलून जातो. वास्तविक सातारा शहर नदीपासून काहीसे दूर, अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी वसलेले आहे. कृष्णेचे दर्शन घ्यावयाचे तर तेथील माणसास माहुलीच्या संगमावर जावे लागते. सांगली मात्र अगदी नदीच्या घाटावर. एकीची माती डोंगरउताराची, हलकी व मुरमाड. दुसरीची काळी व खोल. गेल्या पौषात या दोन मातींमधला प्रवास आम्ही गुलाबाच्या एका काडीसाठी केला. काडी ती काय, आणि तिच्यासाठी प्रवास तो कशाचा, असे वाचकांस वाटेल. आम्हांसही प्रथम तसेच वाटले होते.

सातारच्या यादोगोपाळ पेठेत आमच्या आत्याबाईंचा वाडा आहे. वाडा म्हणावयाचा तो जुन्या सवयीने. पुढची ओसरी, मधला चौक व मागचे परसू एवढेच आता शिल्लक असून, येत्या ज्येष्ठात तेही पाडून तेथे इमारत उभी करावयाचे भाऊबंदांचे ठरले आहे. परसात विहिरीच्या कट्ट्याजवळ गुलाबाचे एक डोळा भरलेले कलम आहे. सात वर्षांपूर्वी ते एका रोपवाटिकेतून आणले, तेव्हा त्यास नावाची चिठ्ठी होती. तीवरील शाई पहिल्याच पावसात धुऊन गेली, आणि पुढे चौकशी केली तेव्हा रोपवाटिकेच्या वहीतही ते नाव सापडले नाही. झाड मात्र निरोगी. फुले गर्द गुलाबी.

गेल्या कार्तिकात पूजेची फुले काढताना आत्याबाईंस एका फांदीवरचे फूल निराळे दिसले. पांढरट पाकळ्यांवर गुलाबी रेघा, जणू दुधात कुंकू सांडले आहे. पुढचे फूलही तसेच, त्यापुढचेही तसेच. घरातील मंडळींनी एका वाक्यात निकाल दिला, "खुंटाचा फुटवा असेल; छाटून टाका."

या निकालात तथ्य नव्हते असे नाही. बाजारातील बहुतेक गुलाब दोन झाडांचे मिळून एक असतात. मुळाकडचा भाग रानटी व काटक खुंटाचा, आणि वरचा भाग हव्या त्या जातीच्या डोळ्यापासून वाढलेला. जोडाच्या खालून फुटवा आला तर तो खुंटाचा, आणि तो वेळीच काढला नाही तर वरची जात मागे पडून खुंटच झाड बळकावतो. पानास सात पर्णिका दिसल्या की खुंट ओळखावा असा पुष्कळांचा समज आहे. पण तो भरवशाचा नाही. जोड उघडा करून पाहणे हीच खरी परीक्षा. आत्याबाईंनी खुरपे घेतले, बुंध्याची माती बाजूस केली, आणि सर्वांस बोलावून दाखविले, की फांदी जोडाच्या वर चांगली हातभर अंतरावर फुटली होती. तेव्हा ती खुंटाची नव्हे, हे सिद्ध झाले.

गुलाबाच्या झाडात असे क्वचित घडते. वाढत्या डोळ्यातील एखाद्या पेशीत आनुवंशिक बदल होतो, आणि त्या पेशीपासून वाढलेली फांदी आईपेक्षा निराळा रंग, निराळी ठेवण किंवा निराळी वाढ दाखविते. झुडपी गुलाबांच्या कित्येक वेली अशाच निपजल्या आहेत. 'पीस' या जगप्रसिद्ध पिवळसर गुलाबाच्या एका फांदीने अधिक गडद रंग धरला, तेव्हा त्यापासून 'शिकागो पीस' ही स्वतंत्र जात झाली. बी लावून अशी जात टिकत नाही. त्या फांदीचेच डोळे दुसऱ्या खुंटावर भरावे लागतात, आणि वाडा पडावयाचा असल्यामुळे ते या थंडीतच भरणे अवश्य होते. आमचे धाकटे बंधू सांगलीस विश्रामबागेत राहतात. त्यांस गुलाबांचा नाद असून त्यांच्याकडे खुंट तयार होते. म्हणून सकाळी काड्या कापल्या, ओल्या फडक्यात व वरून केळीच्या सोपटात गुंडाळल्या, आणि आत्याबाई ते गाठोडे मांडीवर घेऊन आमच्याबरोबर आगगाडीत बसल्या.

कोरेगाव, रहिमतपूर, मसूर, कराड अशी स्टेशने मागे पडली. ताकारीनंतर किर्लोस्करवाडी आली. १९१० साली कुंडलजवळच्या निवडुंगाने माजलेल्या माळावर लक्ष्मणराव किर्लोस्करांनी येथे कारखाना व वसाहत वसविली. पुढे शंतनुराव किर्लोस्करांनी आपल्या इंग्रजी आत्मचरित्रास 'कॅक्टस अँड रोझेस' असे नाव दिले. निवडुंग आणि गुलाब! या माळावरून जाताना ते नाव किती सार्थ आहे, हे ध्यानात येते. आत्याबाईंनी खिडकीतून पाहिले आणि गाठोड्यावर पुन्हा थोडे पाणी शिंपडले.

सांगलीस पोहोचताच बंधूंनी काम हाती घेतले. खुंटाच्या सालीस इंग्रजी 'टी' अक्षरासारखी खाच द्यावयाची, काडीवरील डोळा ढालीच्या आकाराच्या सालीसकट अलगद काढून त्या खाचेत सरकवावयाचा, आणि डोळा तेवढा मोकळा ठेवून वरखाली पट्टी घट्ट बांधावयाची. सारा जीव या बेताच्या घाईत असतो. साल वाळली की डोळा मेला. त्यांनी पाच खुंटांवर पाच डोळे भरले.

बंधूंचा स्वतःचा नाद मात्र संकराचा आहे. उमलण्याच्या बेतात असलेल्या कळीच्या पाकळ्या ते पहाटे काढून टाकतात, चिमट्याने सर्व पुंकेसर खुडतात, आणि वर कागदी पिशवी बांधतात. पुढे स्त्रीकेसराचे टोक चिकट झाले, म्हणजे त्यावर दुसऱ्या जातीचा पराग कुंचल्याने लावून पिशवी पुन्हा बांधतात. फळ पिकण्यास तीनचार महिने लागतात. बिया ओल्या वाळूत काही आठवडे थंड ठेवल्यावाचून नीट उगवत नाहीत, आणि उगवलेल्यांपैकी बहुतेक रोपे पहिल्या दुसऱ्या बहरानंतर उपटून टाकण्याच्याच लायकीची ठरतात. गहू-संशोधक व भारतीय कृषी संशोधन परिषदेचे पहिले महासंचालक डॉ. बी. पी. पाल (१९०६–१९८९) यांनी आपल्या सवडीच्या वेळात हीच खटपट करून अनेक भारतीय गुलाब निर्माण केले; त्यांचा पांढरा 'डॉ. होमी भाभा' पुष्कळांच्या बागेत असेल.

काम आटोपल्यावर बंधू सहज म्हणाले, "आत्याबाई, तुमचा गुलाब झाडाने आपण होऊन दिला. यात आपले कर्तृत्व ते काय?"

आत्याबाई म्हणाल्या, "दिला झाडाने. पाहिला कोणी?"

या प्रश्नाचे उत्तर आम्हांस दुसऱ्या दिवशी तासगावास मिळाले. परशुरामभाऊ पटवर्धनांच्या या गावी गणपतीचे दर्शन घ्यावे, देवळाचे सात मजली गोपूर पाहावे, एवढ्याच हेतूने आम्ही गेलो होतो. परंतु वाटेत दोन्ही बाजूंस द्राक्षांचे मांडव, आणि बंधूंच्या ओळखीचे एक बागाईतदार आग्रहाने आम्हांस आपल्या मळ्यात घेऊन गेले. एप्रिलातील खरडछाटणी, ऑक्टोबरातील फळछाटणी, मग मणी धरणे, अशी वर्षाची सारी कहाणी त्यांनी सांगितली. शेवटी एका वेलावर हात ठेवून म्हणाले, "ही आमची तास-ए-गणेश."

ही जात कोणत्याही प्रयोगशाळेत घडलेली नाही. थॉम्पसन सीडलेस ही बिनबियांची परदेशी जात. तिच्या बागेतून निराळे गुण दाखविणारे वेल याच तालुक्यातील बोरगावचे वसंतराव आर्वे यांनी हेरले, आणि त्यांच्याच काड्यांपासून ही जात वाढविली. तासगाव, आर्वे आणि गणेश हे तिन्ही त्या नावात वाचता येतात. सोलापूरकडे नान्नजच्या नानासाहेब काळे यांनी सोनाकाही अशीच थॉम्पसनमधून निवडली. हजारो वेल, हजारो माणसे त्यांच्याखालून जाणारी. परंतु थांबून पाहणारा एखादाच. नुसते पाहूनही भागत नाही. वेगळे काय ते नेमके सांगावे लागते, आणि पुढच्या पिढीत ते टिकते की नाही, याची वाट पाहावी लागते. सुधारित जातीचे कर्तृत्व ते हेच.

कायद्याचीही अपेक्षा याहून निराळी नाही. वनस्पतींच्या जाती व शेतकऱ्यांचे हक्क यांच्या संरक्षणासाठी २००१ साली आपल्याकडे जो कायदा झाला, त्यात नव्या जातीने तीन गोष्टी दाखवाव्या लागतात. ती इतरांहून वेगळी असावी, तिची सर्व झाडे सारखी असावीत, आणि तिचे गुण पिढ्यान्‌पिढ्या स्थिर राहावेत. शेतकऱ्यासही आपली जात नोंदविता येते.

त्या रात्री सांगलीस दिव्याखाली वर्णनाची वही सुरू झाली. बंधूंनी रकाने आखले. झाडाची उंची व ठेवण, काट्यांची दाटी व रोख (शास्त्रदृष्ट्या हे खरे काटे नव्हेतच, सालीवरचे उंचवटे होत), पानाचा तजेला, कळीचा आकार, पाकळ्यांची संख्या, गंध. सोबत आणलेल्या फुलाच्या पाकळ्या आत्याबाईंनी ताटात मांडून मोजल्या, २८ भरल्या. रंगाच्या रकान्यात त्यांनी "दुधात कुंकू" असे सांगितले, तेव्हा बंधू हसले. पण हसण्यासारखे त्यात काही नव्हते. अडचण एवढीच, की प्रत्येक घरचे दूध निराळे व कुंकूही निराळे. म्हणूनच इंग्लंडच्या रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीने रंगांचे क्रमांकित तक्ते केले आहेत. पाकळी तक्त्याशेजारी धरावी व क्रमांक लिहावा, म्हणजे सांगलीचा रंग दिल्लीस कळतो. आम्ही दोन्ही लिहावयाचे ठरविले. क्रमांक तक्ता मिळाल्यावर, आणि दुधातले कुंकू आजच.

खरी अडचण पुढच्या रकान्यात आली: "मूळ जात." ते नाव तर शाईबरोबर वाहून गेलेले. आई कोण हे ठाऊक नसता मूल वेगळे, हे सिद्ध कसे करावे? शेवटी उपाय एकच राहिला. आधी त्या अनामिक गुलाबी झाडाचेच वर्णन करावयाचे, आणि ते जाणत्यांस दाखवून नाव शोधावयाचे. नावाच्या चिठ्ठीचे मोल आम्हांस त्या रात्री कळले.

हे लिहीत असता चैत्र संपत आला आहे. पाच डोळ्यांपैकी तीन लागले. एकास रेघांचे फूल आले. दुसऱ्यास आले ते साधे गुलाबी, आईसारखे. बदललेल्या पेशींचा थर सर्व फांदीभर सारखा नसतो, म्हणून असे होते. रेघांच्या फांदीवरूनच पुन्हा डोळे घेऊन दोनतीन पिढ्या पाहिल्यावाचून जात स्थिर झाली असे म्हणता येणार नाही. तिसरे कलम अजून कळीवर आहे. बंधूंनी पत्राने विचारले, "नाव काय ठेवावे?" फ्रान्समधील मेयाँ यांनी 'पीस' या गुलाबास स्वदेशात आपल्या आईचेच नाव दिले होते, हेही त्यांनी सुचविले. आत्याबाईंनी कळविले, की तीन बहर सारखे येईपर्यंत नावाची घाई करू नये. मात्र "प्रथम कोठे आढळली" या रकान्यात सातारा, यादोगोपाळ पेठ, विहिरीजवळचे परसू, एवढे आताच शाईने लिहून ठेवावे.

ते लिहिले आहे. वाड्याचा पाया खणला जाईल तेव्हा मूळ झाडही हलवून पाहावयाचे आहे. सात वर्षांचे झाड जगेल की नाही, सांगवत नाही. आमच्या वाचकांपैकी ज्यांच्या दारी गुलाब असेल, त्यांस एवढेच सांगणे, की झाडाच्या नावाची चिठ्ठी जपावी, आणि फांदी निराळी दिसली तर कात्री घेण्यापूर्वी खुरपे घ्यावे.