उंच गाडीचे दुखणे



गणपतीचे मखर आणि मोठी पातेली वाहणारी आमची उंच जिम्नी आपण हॉलबाहेर पाहिली असेलच. भारतातल्या जिप्सीच्याच घराण्यातली ही गाडी. आधीच्या मालकाने स्प्रिंगा बदलून ती ५ सेंटिमीटर उचलली होती. रुबाबाला भुलून आम्ही ती तशीच घेतली.

वळण संपले तरी स्टिअरिंग आपणहून सरळ येईना. पूर्ण वळवले की उजवा टायर आत चासीला घासे. "उंच गाड्या अशाच असतात," असे म्हणत आम्ही तीन महिने काढले. मग एका संध्याकाळी नाटकाच्या तालमीहून परतताना, ताशी ८० च्या वेगात चाक खाचेत गेले आणि स्टिअरिंग हातात थडथड उडू लागले. वेग कमी केला तेव्हा थांबले. मागे आमची दोन मुले आणि मंडळातल्याच एका घरची मुलगी होती.

एका गॅरेजवाल्याने वळण अडवणारे बोल्ट बाहेर घ्यायला सांगितले. घासणे थांबले असते, दुखणे राहिले असते. आम्ही मोजपट्टी घेतली. पुढचा ॲक्सल बाजूला सरकू नये म्हणून एक आडवा दांडा असतो, पॅनहार्ड रॉड. त्याचे एक टोक चासीला, दुसरे ॲक्सलला. गाडी उचलली की दांडा जास्त तिरपा होतो आणि ॲक्सलला एका बाजूला ओढतो. आमच्या दोन बाजूंत १६ मिलिमीटरचा फरक निघाला, म्हणजे ॲक्सल ८ मिलिमीटर सरकला होता. त्या दांड्याचे रबरी बुशही झिजले होते. शिवाय उचलल्यामुळे ॲक्सल किंचित फिरतो आणि सायकलच्या फोर्कसारखा मागे झुकलेला कोन कमी होतो. चाक सरळ आणणारा कोन तोच.

प्रयोगशाळेतला नियम पाळला: एका वेळी एकच बदल, मग चाचणी. आधी बुश, मग कोन सुधारणारे बुश, मग लांबी बदलता येणारा रॉड, शेवटी चाकांचे अलाइनमेंट. रॉडचे एकच टोक खाली घेणे स्वस्त पडले असते. पण रॉड आणि स्टिअरिंगचा दांडा समांतर राहिले नाहीत, तर खड्ड्यात चाके आपणहून वळतात. शेवटी एक चाक उंचवट्यावर चढवून स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण फिरवले. सपाट जमिनीवर न घासणारा टायर तिथे घासू शकतो, ब्रेकचा होजही ताणला जातो.

कागद पाहिले तर स्प्रिंगांची नोंदच नव्हती! जर्मनीत धोका निर्माण करू शकणारा बदल तपासून न घेतल्यास गाडीची परवानगीच रद्द होते आणि अपघात झाल्यास विम्याचाही घोळ होतो. भारतातही कलम ५२ मूळ रचना बदलू देत नाही. स्प्रिंगांचे प्रमाणपत्र मिळवून आम्ही तपासणी करून घेतली, तेव्हा कुठे नोंद झाली.

लेबल नसलेल्या बाटलीला आम्ही कामावर हात लावत नाही, पण नोंद नसलेल्या गाडीत तीन महिने मुलांना बसवले. त्या मुलीच्या आईवडिलांना आम्ही सगळे सांगितले. ते रागावले नाहीत. त्याचेच आम्हाला जास्त वाईट वाटले.

जुनी उंच गाडी घेणार असाल तर आधी फारत्सॉयगशाइन वाचा, मग गाडीखाली वाका. मोजपट्टी आमच्याकडे आहे, हक्काने मागा.